भिंगाची पेटी
१२. भिंगाची पेटी : येथे चित्रपटाचा कॅमेरा अभिप्रेत आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत खासबागेलगत पॅलेस थिएटर (१९१५) उभे राहिले, त्याच सुमारास नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव व बाबूराव पेंटर, नात्याने भाऊ, या यंत्राच्या ध्यासात होते. आनंदराव १९१६मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८मध्ये कॅमेरा सिद्ध केला. या खटपटीला नुसती हौस म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कॅमेऱ्यामागे भिंगांचे शास्त्र आहे. तेराव्या शतकाअखेर इटलीत चष्म्यात बसलेले बहिर्गोल भिंगच छायाचित्रणाच्या मुळाशी आहे. पण एकट्या भिंगाने प्रतिमा धूसर होते. म्हणून जोसेफ पेट्झव्हालने १८४०मध्ये व्हिएन्नात अनेक भिंगांची जोडणी गणिताने आखली. ‘सैरंध्री’ (१९२०) हा चित्रपट पेंटरांच्या कॅमेऱ्यानेच टिपला गेला.