फामागुस्ताचा तट

सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फामागुस्ता नावाचे तटबंदीचे बंदर आहे. किल्ल्यांची आवड असलेल्या माणसाने तिथे गेल्यावर आधी तटाला एक प्रदक्षिणा घालावी. फेरा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा. तटाची उंची जागोजाग पन्नास फूट आणि रुंदी काही ठिकाणी पंचवीस फुटांवर! समुद्राकडच्या गढीच्या दरवाजावर व्हेनिसचा पंखवाला सिंह कोरला आहे, खाली साल १४९२. तोफांचे युग आले हे ओळखून व्हेनिसकरांनी जुने उंच, सडपातळ तट पाडून हे बुटके, मातब्बर तट बांधले.

आत शिरले की सेंट निकोलसचे प्रचंड देवालय समोर येते. सायप्रसच्या राजांना इथे जेरुसलेमच्या राज्याचा अभिषेक होई, आणि तोही जेरुसलेम हातचे गेल्यानंतर! राजेपणाची हौस अशीच असते. आज ती मशीद आहे. तिला नाव आहे लाला मुस्तफा पाशाचे.

या पाशाने सप्टेंबर १५७० मध्ये गावाला वेढा घातला. (त्याच सुमारास आपल्याकडे निजामशहा चौलला आणि आदिलशहा गोव्याला पोर्तुगीजांना वेढून बसले होते.) आतली फौज थोडी, बाहेरची अफाट. जानेवारीत व्हेनिसची थोडी कुमक पोचली, पुढे आली नाही. तुर्कांनी खंदक बुजवले, भुयारे खणून सुरुंग उडवले. तटाला खिंडारे पडली, तरी गाव हाती येईना. अखेर धान्य सरले, दारू सरत आली, आणि १ ऑगस्ट १५७१ रोजी सुभेदार मार्कान्तोनियो ब्रागादिनने तहाचे निशाण चढवले.

तह चांगला होता. फौजेने तुर्की गलबतांतून क्रीटला जावे, गावकऱ्यांना धक्का लागू नये. चार दिवसांनी ब्रागादिन गावाच्या किल्ल्या द्यायला पाशाच्या तंबूत गेला. तिथे बोलाचाली झाली. तू आमचे कैदी मारलेस, असा पाशाचा आरोप होता. तो खरा असो वा खोटा, दिलेला शब्द मोडायला तो पुरेसा ठरला. सरदारांची मुंडकी उडाली. ब्रागादिनला सतरा तारखेला जिवंत सोलले. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते इस्तंबूलला धाडले. पुढे ते चोरून व्हेनिसला नेण्यात आले. तिथल्या एका चर्चमध्ये ते ठेवले आहे.

त्यानंतर ख्रिस्ती लोकांना तटाच्या आत राहण्याची बंदी झाली. ते बाहेर दक्षिणेस वस्ती करून राहिले. तिचे नाव वरोशा. चारशे वर्षांनी, १९७४ साली, पुन्हा युद्ध आले. तुर्की वस्तीतली माणसे जीव मुठीत धरून याच तटाआड जमली, आणि तुर्की फौज आल्यावर वरोशातले ग्रीक लोक घरे टाकून पळाले. त्यांच्या घरांभोवती काटेरी तारा पडल्या. २०२० च्या ऑक्टोबरपासून तिथले काही रस्ते फिरणाऱ्यांसाठी उघडले. पण बाहेरचा माणूस मोकळ्या रस्त्यावरून हिंडतो, आणि बंद खिडक्यांपैकी कुठली कोणाची, हे सांगायला घरमालक मात्र तिथे नसतो.

मशिदीसमोर उंबराच्या जातीचे एक पुराणे झाड आहे. देवालय बांधायला घेतले तेव्हा ते लावले, असे सांगतात. पारावर दुपारी माणसे टेकतात.