नाशिकच्या कांद्याचे दोन ग्राहक : बांगलादेश आणि श्रीलंका

ओझर (ता. निफाड) - ओझर हे नाव विमान कारखान्यामुळे सर्वदूर परिचित असले, तरी या परिसराचे अर्थकारण द्राक्ष आणि कांद्याभोवतीच फिरते. पिंपळगाव बसवंत व लासलगावच्या बाजारात कांद्याला मिळणारा भाव बऱ्याच अंशी परदेशांतील मागणीवर अवलंबून असतो. बांगलादेश व श्रीलंका हे या कांद्याचे दोन जुने ग्राहक. मात्र, त्यांच्या आयातीचे स्वरूप परस्परांहून भिन्न आहे.

गरजेतील फरक
बांगलादेश आपल्या गरजेपैकी बराच मोठा कांदा स्वतः पिकवितो. पाबना, फरिदपूर, राजबाडी हे तेथील प्रमुख कांदा जिल्हे. मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघते. परंतु साठवणुकीत मोठी नासाडी होत असल्याने पावसाळ्यानंतर टंचाई जाणवते. ही तूट भारतीय कांदा भरून काढतो. माल रेल्वे व ट्रकने पश्चिम बंगालच्या सीमेवरून जातो. श्रीलंकेत मोठ्या कांद्याचे उत्पादन मर्यादित असून, मातले जिल्ह्यातील पीक ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान येते. त्यामुळे हा देश वर्षातील बहुतेक काळ आयातीवर विसंबून असतो. तेथील माल समुद्रमार्गे कोलंबोस पोचतो. स्थानिक शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी श्रीलंका आयातीवर विशेष वस्तू कर आकारते व तो वेळोवेळी बदलते.

निर्यातबंदीचे पडसाद
भारताने २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी जाहीर केली. बांगलादेशात नोव्हेंबरपर्यंत भाव किलोला २०० टकांच्या पुढे गेले आणि विमानाने कांदा मागविण्याची वेळ आली. मार्च २०२० मध्ये बंदी उठली. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा लागू झाली आणि १ जानेवारी २०२१ रोजी मागे घेण्यात आली. २०२२ मध्ये श्रीलंकेवर परकीय चलनाचे संकट कोसळले. त्या वर्षी भारताने अन्नधान्य, औषधे आदी आवश्यक वस्तूंसाठी एक अब्ज डॉलरची पतमर्यादा दिली.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क व डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी आली. त्या काळात सरकारी परवानगीनेच मर्यादित माल बाहेर गेला. बांगलादेशासाठी ५० हजार टन, तर श्रीलंकेसाठी १० हजार टनांना मुभा मिळाली. भारताची एकूण निर्यात २०२२-२३ मधील २५.२५ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख टनांवर घसरली. बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क मात्र १ एप्रिल २०२५ रोजीच पूर्णतः रद्द झाले.

बदललेले चित्र
वारंवारच्या बंदीने दोन्ही देशांना पर्याय शोधावे लागले. पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान येथील कांदा तेथे पोचू लागला. बांगलादेशाने लागवड वाढविण्यावर भर दिला व २०२५ मध्ये बहुतांश काळ आयात परवाने रोखून धरले. भारताकडून बंदी नसतानाही हा ग्राहक दुरावला, ही बाब नाशिकच्या उत्पादकांसाठी अधिक गंभीर आहे. श्रीलंकेला स्वतःच्या पिकाचा तेवढा आधार नाही. तेथे प्रश्न कोणाचा कांदा स्वस्त व खात्रीने मिळतो, एवढाच असतो.

थोडक्यात, एका देशात स्पर्धा तेथील शेतकऱ्याशी आहे, तर दुसऱ्यात अन्य निर्यातदारांशी. खळ्यावर पडलेल्या कांद्याचा भाव ठरविताना दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.