आठ आण्यांचं कुत्रं

मागल्या पावसाळ्यात आमच्या ओट्याखाली एक म्हातारं कुत्रं येऊन पडलं. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगभर गोचिडी, गळ्याभोवती पट्ट्याचा व्रण. म्हणजे कधीकाळी ते कुणाचं तरी होतं.

मला १८३२ची मुंबई आठवली. बेवारस कुत्रं मारलं की कंपनी सरकार आठ आणे देई. त्या लोभानं शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ६ जूनला पारशी रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. बाजार बंद पडला. पुढं १८३४मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळची स्थापना केली. निरुपयोगी जनावरालाही म्हातारपण काढायला हक्काची जागा मिळाली.

अम्मी म्हणाली, ‘‘घरात नको, ओट्यावर राहू दे.’’ पण दुधात पहिली भाकरी कुस्करली तिनंच. डॉक्टरांनी गोचिडींवर औषध दिलं. दोन महिन्यांत अंगावर केस आले. नजर मात्र गेली ती गेलीच. राखण त्याच्यानं होत नाही. एका शहरानं ज्याच्यासाठी बाजार बंद ठेवला, त्याला आपण निदान ओट्याचा कोपरा द्यावा. आता अम्मीची काठी वाजली, की त्याचं शेपूट हलतं.