वसई प्रांतांतील अधिकार व त्याची जबाबदारी

१

वसईच्या किल्ल्याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. डॉ. जेर्सन द कून्या यांचा चौल व वसई यांवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें पेशवे दप्तरांतील वसईच्या मोहिमेचे कागद छापले गेले, आणि य. न. केळकर यांचें 'वसईची मोहीम' हें पुस्तक १९३७ सालीं निघालें. किल्ला कोणीं बांधला, कोणीं घेतला, किती माणूस पडलें, घंटा कोणकोणत्या देवळांत गेल्या, या प्रश्नांचा ऊहापोह ठिकठिकाणीं झालेला आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा मानस नाहीं. आम्हांस निराळाच एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. या किल्ल्यांत बसून ज्यांनीं अधिकार चालविला, त्यांनीं त्या अधिकाराचा जाब कोणास दिला?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. हा गृहस्थ वसई तालुक्यांतील एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांतला. त्याला बरोबर घेऊन आम्ही किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन देवळाच्या पडक्या वास्तूंत तेथील थडग्यांच्या शिळा पाहत होतों. एका शिळेवर ढाल, शिरस्त्राण व कुलचिन्ह कोरलेलें आहे, तें आम्ही त्यास समजावून सांगत असतां तो म्हणाला, "गुरुजी, हे सगळे मोठे लोक झाले. यांचीं शेतें कसणारे आमचे वाडवडील कोठें पुरले असतील?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. चाळीस वर्षें मुलांस इतिहास शिकवूनही हा प्रश्न आम्हीं स्वतःस कधीं विचारला नव्हता, हें येथें कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

२

इ. स. १५३४ च्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कून्या यास तहानें दिला. पुढें वसई हें पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चें मुख्य ठाणें झालें. हातीं आलेलीं गांवें पोर्तुगीज सरकारनें स्वतःच्या खालसांत फारशीं न ठेवितां आपल्या सरदारांस, शिपायांस, त्यांच्या विधवांस व मुलींस, आणि धर्मसंस्थांस वांटून दिलीं. हीं गांवें बहुधा तीन पिढ्यांच्या कराराने दिलेलीं असत, आणि धारकानें दरसाल ठराविक सारा भरावयाचा असे. या साऱ्यास 'फोरो' म्हणत. मुंबईच्या जुन्या फोरास रोडच्या नांवांत हाच शब्द मागें राहिला आहे. खुद्द मुंबई बेट त्या वेळीं वसईच्या अमलांत असून तें गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होतें. सिमांव बोतेल्यु या पोर्तुगीज वसुली अधिकाऱ्यानें १५५४ सालीं तयार केलेल्या नोंदवहींत त्याचा वार्षिक आकार १४३२॥ परदाव असा लिहिलेला आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. हीं गांवें केवळ बक्षीस नव्हतीं. धारकानें घोडा बाळगावा, हत्यारबंद माणूस तयार ठेवावें, आणि प्रसंग पडल्यास मुलुखाचें रक्षण करावें, अशी अट त्यांजवर असे. आमच्याकडील सरंजामाशीं ही पद्धत ताडून पाहिल्यास दोहोंचें मूळ तत्त्व एकच दिसतें. रयतेनें पिकवावें, धारकानें खावें, आणि त्या खाण्याच्या मोबदल्यांत त्यानें रयतेचें रक्षण करावें. पहिला अर्धा भाग वर्षोवर्षें चालला. दुसऱ्या अर्ध्याचें काय झालें, तें आतां पाहूं.

३

इतालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी हा १६९५ सालीं वसईस आला होता. तो स्वतः ख्रिस्ती व पोर्तुगीजांचा पाहुणा. त्याला त्यांची निंदा करण्याचें कारण नव्हतें. तरी त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, येथील कुळें गांवच्या धन्यांचीं जणूं वेठबिगार असून त्यांची स्थिति अंकित दासांहूनही वाईट आहे. धन्याचा आकार फिटेल इतकी जमीन त्यांनीं कसलीच पाहिजे. कुळ एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पळालें, तर धनी त्यास जबरीनें परत आणतो. ज्या गांवांत पळून जाणें हाच रयतेपाशीं एक उपाय उरतो, त्या गांवांत फिर्याद ऐकणारा कोणी नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

धर्माच्या बाबतींतील जुलूम प्रसिद्ध आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. अनाथ हिंदु मुलांस ताब्यांत घेऊन ख्रिस्ती करावें असा पोर्तुगालच्या राजाचा हुकूम १५५९ सालीं गोव्यासाठीं निघाला, आणि वसईच्या बाजूसही तोच क्रम चालला. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन सुरू झालें. त्याचा ताप हिंदूंनाच झाला असें मात्र नव्हे. ज्या ओर्ताकडे मुंबई होती तो मूळ यहुदी वंशाचा. तो १५६८ सालीं वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या बहिणीस जाळण्यांत आलें, आणि १५८० सालीं त्याचीं स्वतःचीं हाडें उकरून जाळलीं गेलीं. ज्या राज्यांत अधिकारास जाब विचारणारें कोणी नसतें, तेथें अधिकाराजवळ बसलेलाही निर्भय नसतो, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

४

पोर्तुगीजांच्या कायद्यांत जाब घेण्याची तजवीज नव्हती असें मात्र नाहीं. किल्ल्याचा कप्तान तीन वर्षांच्या मुदतीनें नेमला जाई, आणि मुदत संपतांच त्याच्या कारभाराची चौकशी व्हावी असा नियम होता. या चौकशीस 'रेसिदेंसिया' म्हणत. नियम उत्तम होता. परंतु चौकशी करणारे त्याच वर्गांतले, व्हाइसरॉय गोव्यास, राजा लिस्बनला, आणि लिस्बनहून उत्तर येण्यास दीड-दोन वर्षें लागावयाचीं. शिवाय अशा नेमणुका पुढें पुढें पैसे घेऊनही दिल्या जाऊं लागल्या. तीन वर्षांत दिलेली रक्कम वसूल करून पुढची बेगमी करावयाची, असा ज्याचा हिशेब, त्यास रयतेची कींव कोठून येणार?

आमच्या प्राचीन ग्रंथकारांस हा रोग अपरिचित नव्हता. सरकारी धन खाण्याचे चाळीस प्रकार कौटिल्यानें मोजून सांगितले आहेत. मनूनें तर असें म्हटलें आहे कीं, ज्या अपराधास सामान्य माणसास एक कार्षापण दंड, त्यासच राजाला सहस्र असावा. आणि चोरीच्या अपराधांत वर्ण जितका वरचा, जाण जितकी अधिक, तितका दंड वाढता असावा. अधिकार वाढला कीं दोषही वाढतो, हें तत्त्व याहून स्पष्ट कोणीं सांगितलें असेल असें वाटत नाहीं. परंतु त्याच स्मृतींत, थोड्याच श्लोकांनंतर, ब्राह्मणास देहदंडांतून वगळलें आहे, हेंही सांगितलें पाहिजे. आम्ही ज्या परंपरेंत वाढलों, तिची ही उणीव झांकून परक्यांच्या उणिवा मोजणें हा संशोधकाचा धर्म नव्हे.

५

दोनशें वर्षें गांवें खाल्लीं, त्यांच्या मोबदल्याची वेळ १७३७ सालीं आली. त्यापूर्वीं, १७२८ सालीं, उत्तर प्रांताच्या बंदोबस्ताची पाहणी झाली होती, आणि तींत तो किती पोकळ झाला आहे तें उघड झालें होतें. ठाण्याचा किल्ला बांधावयास घेतला, तो पुरा झाला नाहीं. मार्च १७३७ मध्यें मराठे साष्टींत उतरले, तेव्हां उत्तर प्रांताचा जनरल दों लुईस बोतेल्यु हा ठाणें सोडून निघून गेला. ज्यांनीं घोडा बाळगावा त्यांचे घोडे कागदावर राहिले होते.

उलट मराठ्यांस वाटा दाखविणारे याच भूमींतले होते. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु, मालाडचे अंताजी रघुनाथ, यांनीं पुण्यास जाऊन गाऱ्हाणें घातलें, माणसें जमविलीं, खबर पुरविली. हे सर्व वतनदार होते हें विसरतां कामा नये. कुळाचें गाऱ्हाणें पुण्यापर्यंत पोंचलें तें वतनदाराच्या तोंडून. खुद्द कुळाचा शब्द त्यांत किती उतरला, याचा विचार तीं कागदपत्रें वाचतांना झाला पाहिजे.

पुढील हकीकत प्रसिद्धच आहे. चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला, मराठ्यांकडील हजारों माणूस कामास आलें, आणि १६ मे १७३९ रोजीं कायतान द सौज पेरैर यानें शरणागतीचीं कलमें मान्य केलीं. २३ मे रोजीं मराठे शहरांत शिरले. हीं कलमें चिमाजी आप्पांच्या उदारपणास शोभतील अशींच आहेत. शिबंदीनें हत्यारांनिशीं, निशाणें लावून, मानानें जावें; ज्यांस जावयाचें त्यांनीं आपली चीजवस्त घेऊन जावें; जे राहतील त्यांस धर्म पाळण्याची मोकळीक असावी; आणि शहरांत एक, प्रांतांत एक व साष्टींत एक अशीं तीन ख्रिस्ती देवळें राखावीं.

आतां या कलमांकडे आमच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनें पाहूं. गेले कोण? ज्यांपाशीं जहाज व चीजवस्त होती ते. गोवें व मुंबई येथें त्यांस आसरा होता. राहिले कोण? ज्यांपाशीं केवळ नांगर होता ते. बहुतेक गोरे पाद्री गेले. देवळें सांभाळलीं तीं एतद्देशीय धर्मगुरूंनीं. फिदाल्गूंच्या, म्हणजे पोर्तुगीज उमरावांच्या, जुलमांत या ख्रिस्ती कुळांचा कांहींच हात नव्हता. उलट ओझें त्यांच्याही पाठीवर होतें. तरी त्या सत्तेचें नांव पुढें त्यांस चिकटलें. मराठ्यांनीं त्यांच्या धर्माची मोकळीक बव्हंशीं पाळली, ही मात्र समाधानाची गोष्ट आहे. १७६० च्या सुमारास साष्टींत आलेल्या आंकेतील दु पेराँ या फ्रेंच पंडितानें तेथील ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणें व गर्दीनें साजरे करितांना पाहिले होते.

६

येथें लेख थांबविला असता तर तो वाचकांस गोड लागला असता. परंतु जें माप आम्हीं फिदाल्गूंस लाविलें, तेंच आमच्याकडील धन्यांस लाविल्याशिवाय तें माप खरें ठरत नाहीं. आणि वसईनेंच त्याची सोय करून ठेविली आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून रघुनाथराव दोषी असल्याचें त्यांच्या तोंडावर सांगितलें, आणि पुण्याचें न्यायासन सोडलें. निवाडा झाला; तो अमलांत कोणीं आणावयाचा हा प्रश्न राहिला. पुढें कारभारी मंडळीनें रघुनाथरावांस पदावरून दूर केलें, तेव्हां त्यांनीं इंग्रजांचा आश्रय केला. आणि ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहांत त्या मदतीची किंमत म्हणून कोणता मुलूख देऊं केला? साष्टी व वसई. ज्या वसईसाठीं त्यांच्या चुलत्यानें हजारों माणूस खर्ची घातलें, तीच. १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती परत आली, परंतु साष्टी गेली ती गेलीच.

रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव यांची कथा हीच, केवळ अधिक दुःखाची. १८०१ सालीं त्यांनीं विठोजी होळकरांस पुण्यांत हत्तीच्या पायीं देवविलें. त्याचा जाब मागत यशवंतराव होळकर चालून आले, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास लढाई झाली. पेशवे पळाले ते कोंकणांतून अखेर वसईस आले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं तेथें इंग्रजांशीं तह करून कवायती पलटणींच्या खर्चासाठीं २६ लक्षांचा मुलूख तोडून दिला. या तहाचें खरें मर्म आमच्या मतें असें आहे: स्वकीयांपुढें जाब देण्यापेक्षां परक्यांच्या पलटणींमागें उभें राहणें त्यांस सोपें वाटलें. पलटणी पाठीशीं असतां रयतेची भीड उरली नाहीं. मामलती मक्त्यानें, अधिक बोली करणाऱ्यास दिल्या जाऊं लागल्या. पोर्तुगीजांच्या तीन वर्षांच्या कप्तानाचाच हा भाऊ. सोळा वर्षांत राज्य बुडालें.

आणि कुळाची स्थिति? राज्यें पालटलीं तरी वेठ पालटली नाहीं. याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, डहाणू व लगतच्या उंबरगांव तालुक्यांत, वारली लोक जमीनदारांची वेठ करीत होते ते थेट १९४५ सालापर्यंत. त्या वर्षीं त्यांनीं गोदावरीबाई व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं ती नाकारली. गोदावरीबाईंनीं त्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत लिहून ठेविली. कारेरीनें पाहिलेल्या वेठीपासून ही हकीकत लिहिली जाण्यास पावणेतीनशें वर्षें लोटलीं, आणि या वेळीं ती वाटसरूची टीप नसून कुळांमध्यें राहिलेल्या बाईची साक्ष होती.

७

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंती करून लेख संपवितों. आम्ही सर्वजण सनदा जपतों, कारण सनदेवर शिक्का असतो व तिचें अक्षर सुरेख असतें. परंतु सनद एवढेंच सांगते कीं कोणास काय मिळालें. कोणाचें गेलें, हें सांगतात ते रयतेचे अर्ज, तकरीरी, महजर, निवाडपत्रें आणि गांव सोडून गेलेल्या कुळांच्या याद्या. हे कागद फाटके, मोडी गिचमिड, आणि दप्तराच्या तळाशीं दडपलेले असतात. पुष्कळदां ते रद्दींत जातात. वसई, माहीम, केळवें, तारापूर, डहाणू या भागांतील जुन्या घरांत असा एखादाही कागद आढळल्यास त्याची नक्कल करून मंडळाकडे धाडावी. मूळ कागद घरींच राहूं द्यावा.

किल्ल्यांतील शिळांवर ज्यांचीं नांवें आहेत, त्यांस इतिहासानें पुरेसें ऐकून घेतलें आहे. ज्यांनीं त्यांचा सारा भरला, त्यांची साक्ष अजून घ्यावयाची आहे. ती मिळेपर्यंत या प्रांताचा निवाडा पुरा झाला असें आम्ही मानीत नाहीं. आणि आमच्या विद्यार्थ्यास उत्तर देण्याचें आमच्याकडे बाकी आहे.