वर्गातील प्रश्न आणि व्यवस्थापकांची बैठक

विद्यादानासाठी पदरचे द्रव्य खर्च करून संस्था उभारणे हे कार्य जितके पुण्यप्रद, तितकेच ते नाजूकही असते. शाळा उभी राहते ती दात्यांच्या श्रद्धेवर, आणि तिच्यात शिकणारी मुले मात्र एक दिवस याच श्रद्धेविषयी प्रश्न विचारू लागतात. अशा वेळी व्यवस्थापकांनी काय करावे? हा पेच आपल्या देशात प्रथम उभा राहिला तो कलकत्त्यास, १८३१ साली, हिंदू कॉलेजात. विश्वस्त मंडळावर काम केलेल्या प्रत्येकाने तो इतिहास एकदा तरी वाचावा असा आहे.

हिंदू कॉलेज २० जानेवारी १८१७ रोजी सुरू झाले. ते सरकारने काढलेले नव्हते. कलकत्त्यातील धनिक हिंदू गृहस्थांनी वर्गणी जमवून ते उभारले. बर्द्वानचे महाराज आणि गोपीमोहन ठाकूर यांनी प्रत्येकी दहा हजार रुपये दिले होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे! पुढे ज्या पेढीत निधी ठेवला होता ती पेढीच बुडाली आणि कॉलेजला सरकारी साहाय्य घ्यावे लागले. परंतु कारभार प्रामुख्याने हिंदू व्यवस्थापकांच्याच हाती राहिला. मुलांनी इंग्रजी शिकावे, पाश्चात्त्य विद्या आत्मसात करावी, मात्र घरचे आचार सांभाळावेत, अशी या मंडळींची अपेक्षा होती आणि त्यात गैर असे काहीच नव्हते.

१८२६ साली या कॉलेजात हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हा शिक्षक म्हणून रुजू झाला. तो पोर्तुगीज वंशाच्या घराण्यातला, कलकत्त्यातच जन्मलेला आणि अवघ्या सतरा वर्षांचा होता. त्याचे काही विद्यार्थी तर त्याच्याच वयाचे होते. डेव्हिड ड्रमंड नामक स्कॉटिश गुरूच्या धर्मतला येथील शाळेत त्याचे शिक्षण झाले होते. नंतर काही काळ कलकत्त्यात कारकुनी, मग भागलपुरास आप्तांच्या निळीच्या कारखान्यात काम, अशी उमेदवारी त्याने केली. साहित्य आणि इतिहास हे त्याचे विषय होते. परंतु पाठ्यपुस्तकापाशी तो थांबत नसे. आजूबाजूला जे घडत आहे त्याचा वर्गात विचार व्हावा, एका बाजूने कोणी बोलला तर दुसऱ्याने विरुद्ध बाजू मांडावी, आणि शेवटी ज्याने त्याने आपले मत आपणच ठरवावे, अशी त्याची रीत होती.

वर्गातील हा संवाद तासापुरता पुरेना. म्हणून १८२८ च्या सुमारास अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन ही वादसभा निघाली आणि माणिकतला येथील एका बागेतील घरात तिच्या बैठका होऊ लागल्या. दैव श्रेष्ठ की प्रयत्न, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, देशप्रीती म्हणजे काय, असे विषय तेथे निघत. काळही तसाच होता. ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला आणि साऱ्या शहरात दोन तट पडले. घरी वडील एका पक्षात आणि मुलगा दुसऱ्या, असे प्रसंग येऊ लागले. १८३० मध्ये विद्यार्थ्यांनी ‘पार्थेनॉन’ नावाचे पत्र काढले आणि त्यात स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला. पहिला अंक निघाला. दुसरा वाचकांच्या हाती पडलाच नाही. थॉमस पेन याच्या ग्रंथाच्या प्रती जहाजातून उतरल्या तेव्हा त्या प्रथम रुपयाला एक याप्रमाणे विकल्या गेल्या आणि मागणी वाढताच भाव पाच रुपयांवर गेला, असे डफ या मिशनरी गृहस्थाने नमूद करून ठेवले आहे. बाजाराला विचारांची भूक कळते ती अशी.

या मुलांच्या हातून अतिरेकही झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंपरेला धक्का देणे म्हणजेच सुधारणा, असा समज काहींनी करून घेतला. अभक्ष्य भक्षणाची प्रौढी मिरवून वडीलधाऱ्यांची मने दुखावण्यात पुरुषार्थ तो कोणता? परंतु त्याच मुलांविषयी, कॉलेजचा विद्यार्थी खोटे बोलणार नाही, अशीही ख्याती शहरात झाली होती. रसिककृष्ण मल्लिक याला न्यायालयात गंगाजलावर शपथ घेण्यास सांगितले, तेव्हा गंगेच्या पावित्र्यावर आपला विश्वास नाही, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. खोटी शपथ घेऊन मोकळे होणे किती सोपे होते! त्याने ते केले नाही.

अखेर पालकांनी मुले काढून घेण्यास आरंभ केला. विद्यार्थिसंख्या घटू लागली की कोणत्याही संस्थेच्या चालकांची झोप उडते. २३ एप्रिल १८३१ रोजी व्यवस्थापकांची बैठक भरली. राधाकांत देव, रामकमल सेन, प्रसन्नकुमार ठाकूर, रसमय दत्त यांच्यासारखी मातब्बर मंडळी तीत होती. शिवाय संस्कृतचे पंडित होरेस विल्सन आणि घड्याळाचा धंदा सोडून शिक्षणास वाहून घेतलेले डेव्हिड हेअर हेही होते. राधाकांत देव यांना केवळ सनातनी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ‘शब्दकल्पद्रुम’ हा कोश सिद्ध करणारे ते विद्वान गृहस्थ होते आणि मुलींच्या शिक्षणासही त्यांचा पाठिंबा होता.

बैठकीपुढे प्रथम प्रश्न आला तो असा : डेरोझिओ हा मुलांना शिकविण्यास अयोग्य आहे काय? विल्सन म्हणाले, त्याच्या शिकवणीचा दुष्परिणाम आपल्या दृष्टीस आलेला नाही. हेअर यांनी त्याला उत्तम शिक्षक म्हटले. बहुतेकांनी, ऐकीव माहितीपलीकडे आपणांस काही सांगता येत नाही, असे कबूल केले. म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही. मग प्रश्नाचे रूप बदलण्यात आले. शहरातील हिंदू समाजाची सध्याची मनःस्थिती पाहता त्याला दूर करणे इष्ट आहे काय? यावर कोणी ‘आवश्यक’ म्हटले, कोणी ‘सोयीचे’ म्हटले. श्रीकृष्ण सिंह या एकट्या सभासदाने ‘अनावश्यक’ असे मत दिले. हिंदूंच्या भावनेचा प्रश्न म्हणून विल्सन आणि हेअर यांनी मतच दिले नाही. पहिल्या प्रश्नावर जो सुटला, तो दुसऱ्या प्रश्नावर गेला. या साऱ्यात त्याला एकदाही समोर बोलावून विचारले गेले नाही, हे मनाला लागून राहते.

२५ एप्रिल रोजी डेरोझिओने राजीनामा दिला आणि आपणांस न ऐकता, न तपासता काढले जात आहे, हे त्यात स्पष्ट नमूद केले. विल्सन यांनी मग खाजगीरीत्या तीन प्रश्न विचारले : तू ईश्वर नाही असे शिकवितोस काय? आईबापांची आज्ञा पाळणे हे कर्तव्य नव्हे, असे सांगतोस काय? भावाबहिणींचा विवाह निर्दोष मानतोस काय? त्याचे २६ एप्रिलचे उत्तर आजही वाचावयास मिळते. ह्यूमचे संशय मुलांपुढे ठेवले तसेच रीड आणि स्ट्यूअर्ट यांनी दिलेली त्यांची उत्तरेही ठेवली, एकच बाजू शिकविली असती तर तो दोष ठरला असता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. तिसरा आरोप त्याने हास्यास्पद म्हणून झटकून टाकला.

दुसऱ्या प्रश्नावर त्याने दोन घडलेले प्रसंगच सांगितले. दक्षिणारंजन मुखर्जी हा विद्यार्थी वडिलांच्या वागणुकीला कंटाळून घर सोडण्यास निघाला होता. आईबापांचे पुष्कळ सोसावे लागते, त्यांनी हाकलून दिल्याखेरीज घर सोडू नये, असे डेरोझिओने त्याला समजाविले होते. दुसरा एक विद्यार्थी त्याच्यादेखत आपल्या वडिलांशी उद्धटपणे वागला, तेव्हा वडिलांची क्षमा मागेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही, असे त्याने बजावले होते. ज्या शिक्षकावर मुलांना आईबापांविरुद्ध फितवल्याचा आरोप, त्याचे वर्तन हे असे होते! बैठकीत हे विचारले असते तर निर्णय पालटला असता की नाही, कोण सांगणार? शहरातील क्षोभ मोठा होता आणि संस्था जगविणे हेही व्यवस्थापकांचे कर्तव्यच होते.

त्यानंतर डेरोझिओने ‘ईस्ट इंडियन’ हे वर्तमानपत्र चालविले. त्याच वर्षी, २६ डिसेंबर १८३१ रोजी, पटकीच्या आजाराने वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

शिक्षक गेला तरी सवय गेली नाही. पुढे १८३८ मध्ये त्याच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानार्जनासाठी नवी सभा स्थापिली. ८ फेब्रुवारी १८४३ रोजी तीत दक्षिणारंजन यांनी कंपनी सरकारची न्यायालये आणि पोलीस यांवर निबंध वाचला. तो चालू असतानाच कॉलेजचे प्राचार्य रिचर्डसन उठले आणि कॉलेजचा राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, असे गरजले. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. आपण येथे पाहुणे आहात, वक्त्याला अडविण्याचा आपणांस अधिकार नाही, असे त्यांनी शांतपणे पण निक्षून सुनावले. धर्मावर बोलले म्हणून बारा वर्षांपूर्वी स्वजन रागावले, राज्यकारभारावर बोलले तेव्हा साहेब रागावले.

मुंबईत हा प्रवाह १८४८ साली पोहोचला. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली साहित्य आणि शास्त्र यांच्या अभ्यासासाठी सभा स्थापिली. स्त्रीशिक्षणाच्या निबंधावर येथेही चर्चा झाली. परंतु ती निबंधापाशी संपली नाही. १८४९ मध्ये सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सकाळी आपले काम सुरू होण्यापूर्वी तेथे विनावेतन शिकवू लागले. तरुण दादाभाई नवरोजी त्यांत अग्रभागी होते. मुली मिळविण्यासाठी ते घरोघर फिरत. काही घरांनी ओसरीवर बसून शिकविण्याची मुभा दिली, तर काहींनी पायऱ्यांवरून खाली लोटण्याची धमकी दिली, अशी आठवण दादाभाईंनी वृद्धापकाळी लिहून ठेवली आहे.

नाना शंकरशेट तेव्हा मुंबईतील हिंदू समाजाचे अग्रणी होते. श्रद्धाळू, शिवभक्त, व्यापारात मुरलेले असे हे गृहस्थ. मुलींची शाळा भरविण्यास जागा हवी होती, तेव्हा ती त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात दिली.