मोठ्या पंगतीचे आमिश चिकन कॅसरोल

कॅसरोल हा शब्द मराठी घरांत शिरला तो पोळ्या गरम ठेवण्याच्या डब्याचे नाव म्हणून. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र शिजवण्याचे भांडे असा आहे. अमेरिकेत खोलगट भांड्यात भाजून त्याच भांड्यातून वाढल्या जाणाऱ्या पदार्थालाही हेच नाव पडले. चिकन, नूडल्स आणि दुधाचा दाटसर रस्सा एकत्र भाजून केलेले 'आमिश चिकन कॅसरोल' हे त्यांपैकी एक. मसाल्याच्या नावाखाली त्यात मीठ आणि मिरपूड यापलीकडे फारसे काही नसते. तरीही ते नीट जमले तर पोटभर आणि समाधानकारक जेवण होते. न जमले तर कोरड्या शेवयांचा गोळा हाती येतो.

'आमिश' वाचून 'सामिष' आठवणे साहजिक आहे, पण दोहोंचा संबंध नाही. हे नाव याकोब अम्मान या धर्मोपदेशकावरून आले. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातील अॅनाबाप्टिस्ट ख्रिस्ती समुदायात फूट पडली. अम्मानचे अनुयायी पुढे अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थलांतरित होऊ लागले. आज आमिशांची संख्या सुमारे चार लाख असून पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरच्या बोलीला 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात. प्रत्यक्षात ती जर्मन भाषेची बोली आहे. १९८५ च्या 'विटनेस' या चित्रपटातून त्यांच्या घोडागाड्या आणि साधा पोशाख जगभर पोहोचला.

जुन्या वळणाचे आमिश सार्वजनिक वाहिनीवरची वीज घरात घेत नाहीत. म्हणून त्यांची स्वयंपाकघरे आदिम असतात असे मात्र नव्हे. गॅसची शेगडी आणि गॅसवर चालणारा फ्रीजही पुष्कळ घरांत दिसतो. मांस टिकवण्यासाठी शिजवलेले चिकन काचेच्या बरण्यांत हवाबंद करून ठेवण्याची पद्धत आहे. कुटुंबे मोठी, दारात कोंबड्या, गोठ्यात दूध. अंडी देणे थांबलेली कोंबडी सावकाश उकळायची, तिच्या पाण्यात अंडी घालून केलेल्या मैद्याच्या पट्ट्या शिजवायच्या, ही या पदार्थामागची काटकसर. लँकेस्टर परिसरातील आमिश लग्नांत शेकडो पाहुण्यांसाठी कोंबडीचे तुकडे आणि पाव एकत्र भाजून केलेला 'रोश्ट' वाढतात, तोही याच कुळातला.

'आमिश' हे विशेषण आज उपाहारगृहांच्या पाट्यांवर आणि पाककृतींच्या पुस्तकांवर सढळपणे लावले जाते. त्यामागे नेहमीच जुनी परंपरा असते असे नाही. १९३४ मध्ये कॅम्पबेल कंपनीने मशरूम क्रीम सूपचा डबा बाजारात आणला आणि अमेरिकेतील असंख्य कॅसरोलांचा रस्सा त्या डब्यातून येऊ लागला. आमिश गृहिणीही त्याला अपवाद नाहीत. घरी करताना मात्र डब्याचा मार्ग टाळावा, कारण या पदार्थाची सगळी चव चिकनच्या पाण्यात आहे. ते पाणी विकतच्या डब्यात मिळत नाही.

साहित्य : हाडांसह चिकन १ किलो (मोठे तुकडे), अंड्याच्या रुंद नूडल्स २५० ग्रॅम, लोणी ७५ ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, दूध पाव लिटर, कांदे २, गाजर १, सेलरीचे २ दांडे, जाडसर मिरपूड, मीठ, पार्सली. वरच्या थरासाठी शिळ्या पावाचा चुरा १ वाटी आणि वितळवलेले लोणी २ चमचे. आवडीनुसार किसलेले चीज अर्धी वाटी. एवढ्यात सहा ते आठ जणांचे जेवण होते.

प्रथम चिकन, एक कांदा, गाजर, सेलरीचा एक दांडा आणि थोडे मीठ दीड लिटर गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवावे. वर येणारा फेस काढत राहावे. कोल्हापूरकडच्या अळणी पाण्याची सवय असलेल्यांना ही कृती ओळखीची वाटेल. फक्त इथे हळद नाही. प्रेशर कुकरचा मोह टाळलेला बरा, कारण त्यात ब्रॉयलर कोंबडीच्या मांसाचे धागे होतात आणि पाणी गढुळते. पाऊण तासात मांस शिजते. ते काढून हाडे पुन्हा त्याच पाण्यात अर्धा तास उकळावीत व पाणी गाळून घ्यावे. गावठी कोंबडी असेल तर दीड-दोन तास लागतील, पण चव त्याची भरपाई करते. मांसाचे हातानेच मोठे तुकडे करावेत. सुरीने बारीक केल्यास ते रश्शात हरवते.

हक्का नूडल्स या कामाला फार बारीक पडतात. रुंद अंडा-नूडल्स न मिळाल्यास २०० ग्रॅम मैदा, २ अंडी व चिमूटभर मीठ यांचे घट्ट पीठ मळून अर्धा तास झाकावे, पातळ लाटून अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्ट्या कापाव्यात आणि तासभर सुकवाव्यात. ताज्या पट्ट्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे पुरतात. विकतच्या नूडल्स पाकिटावरील वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे आधीच उतरवाव्यात.

रस्सा करताना घाई उपयोगाची नाही. लोणी वितळवून त्यात दुसरा कांदा आणि उरलेली सेलरी बारीक चिरून लाल न करता मऊ होईपर्यंत परतावी. मैदा घालून दोन मिनिटे हलवावे. रंग बदलता कामा नये. मग चिकनचे अर्धा लिटर कोमट पाणी थोडे थोडे ओतत घोटावे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. शेवटी दूध घालावे. बाजारातील पिवळे लोणी खारट असते, म्हणून मीठ चव पाहूनच घालावे. रस्सा कढीपेक्षा किंचित दाट, पण ओघळणारा हवा. भांड्यात तो जास्त वाटला तरी घाबरू नये, भाजताना नूडल्स तो पिऊन घेतात. कोरडेपणाचे मूळ बहुधा इथेच असते.

चिकन, नूडल्स आणि पार्सली रश्शात मिसळून लोणी लावलेल्या भाजण्याच्या भांड्यात पसरावे. चीज आणि लोण्यात घोळवलेला पावाचा चुरा वर टाकून १८० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये तीस मिनिटे ठेवावे. कडेने बुडबुडे आणि वर तांबूस रंग आला की काढून दहा मिनिटे मुरू द्यावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात झाकून, खाली तवा ठेवून वीस मिनिटे मंद आच द्यावी आणि चुरा वेगळा खमंग परतून वाढताना घालावा. सगळे आधीच शिजलेले असल्याने चवीत फारसे उणे राहत नाही.

पोळ्यांचा प्लास्टिकचा कॅसरोल डबा ओव्हनमध्ये चालत नाही, हे सांगायला हवे. उरलेला पदार्थ त्यात तासन्‌तास कोमट ठेवणेही धोक्याचे. दूध आणि चिकन दोन्ही नासणारे, तेव्हा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकावे. सोबत बीटचे व्हिनेगरमधले लोणचे किंवा कोबीची आंबट कोशिंबीर असली की लोण्याचा जडपणा कमी होतो. दुसऱ्या दिवशी गरम करताना चिकनचे उरलेले पाणी वाटीभर शिंपडावे.