औंधकरांचे नमस्कार

जुन्या महाराष्ट्रात तालीम होती ती पोरांची आणि पैलवानांची. लग्न झाले, शेती-नोकरी मागे लागली, की लंगोट खुंटीला टांगला जायचा. कुस्तीला जोडीदार हवा, खुराक हवा, सकाळ-संध्याकाळचा मोकळा वेळ हवा. चार लेकरांच्या बापाला हे कुठून जमणार? पोट सुटले की ते वयाचेच लक्षण, असे म्हणून सगळे गप्प बसत. अशा घरसंसारी माणसाला पुन्हा व्यायामाला लावण्याचे श्रेय कुणा एकाला द्यायचे, तर ते औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना द्यावे लागेल.

भवानरावांचा जन्म १८६८चा. तिशीच्या उंबरठ्यावर, १८९७ साली, त्यांनी युजीन सँडोची पुस्तके आणि सगळी उपकरणे विकत घेतली. प्रशियात जन्मलेल्या सँडोच्या पिळदार देहाने तेव्हा लंडनला वेड लावले होते. भवानरावांनी त्याची पद्धत दहा वर्षे नेमाने चालवली. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून, चाळिशीला टेकलेले असताना, ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि ते त्यांनी कायमचे धरले. १९०९ साली औंधची गादी मिळाली, तरी नेम सुटला नाही.

नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, अशी परंपरा आहे. भवानरावांनी नमस्कारांना रीत लावून दिली. एका नमस्कारात दहा स्थिती. वाकून तळवे जमिनीवर टेकवायचे, पण गुडघे ताठ. आणि एकदा टेकलेले हात पुन्हा उभे राहीपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. खरी परीक्षा साष्टांगात. कपाळ, छाती, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि पायांचे चवडे जमिनीला लागतात. पोट मात्र आत ओढून वरच ठेवायचे. ढेरी असलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी जमत नाही, आणि जमेनासे का झाले ते लगेच कळते. जोडीला ओंकार, बीजमंत्र आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावे.

यात जागा लागते ती देह लांबवता येईल एवढीच. साधन नाही, जोडीदार नाही. माजघरात घालता येतात, पत्नीला घालता येतात, मुलांना शेजारी उभे करून घालता येतात. भवानरावांची दूरदृष्टी मला इथे दिसते: त्यांनी व्यायाम आखाड्यातून काढून घरात आणला. स्त्रियांनी नमस्कार घालावेत, हा त्यांचा आग्रह त्या काळात लहान नव्हता.

संस्थान होते ७२ गावांचे, विखुरलेले. तिथल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. मराठीत लिहिले, १९२८ साली इंग्रजीतही पुस्तक काढले. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे बिऱ्हाड तेव्हा औंधातच होते. व्यायामावर त्यांनीही लिहिले, आणि १९६८ साली गेले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

१९३६ साली भवानराव लंडनला गेले. वय सत्तरीकडे झुकलेले, पण पत्रकार लुईझ मॉर्गन यांना ते तसे वाटेचनात. त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले आणि पुढे १९३८ साली त्यांच्याच संपादनाखाली राजेसाहेबांचे नमस्कारांवरचे पुस्तक इंग्लंडात निघाले.

घरातही हा वारसा टिकला. भवानरावांचे पुत्र आप्पासाहेब पंत १९१२ साली जन्मले, तेव्हा वडील ४३ वर्षांचे होते. चिरंजीवांना नमस्कार घालणारेच वडील दिसले. आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले, स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. सूर्यनमस्कारांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७० साली आले. तेव्हा ते लंडनमध्येच भारताचे उच्चायुक्त होते.